बेंदराचं तेल

साप-विंचवाला मी कधी भ्याले नाही. उसाच्या शेतात जन्म काढायचा म्हटल्यावर भिऊन चालतंय कुठं? मी भ्याले ते मोटारीच्या ब्रेकला. आजही कुणाच्या गाडीत मागं बसले आणि उतार लागला, की माझा उजवा पाय आपोआप पुढं सरकतो आणि फळी दाबायला लागतो. नातवंडं हसतात. म्हणतात, आजी मागं बसून गाडी थांबवते. हसा म्हणावं. सुर्लीच्या घाटात तुमचे आजोबा गाडीसकट दरीत जाता जाता राहिले, तेव्हा मागच्या बाकावर मी होते, तुम्ही नव्हता.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरची ही गोष्ट. माझं सासर कडेगावच्या बाजूला, घाटमाथ्यापासून जवळच. घरात मी, मालक आणि मामंजी. मालक म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव घ्यायची रीत नव्हती, आता म्हातारपणी ती मोडून काय मिळवायचंय? मामंजी माझे सासरे. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. मालकांनी लष्करात लॉऱ्या चालवल्या होत्या. परत आले ते नांगर धरायला नाही म्हणाले आणि लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी मोटार घेऊन दारात उभे राहिले. वर मेणकापडाचं छत, कुठं पत्रा दबलेला, पण चाल चांगली. ते रोज सकाळी उतारू घेऊन घाट उतरायचे आणि कऱ्हाडला जायचे. गुळाचे व्यापारी, कोर्टाची माणसं, कुणी आजारी. दुपार टळली की परत.

त्या मोटारीचे ब्रेक तेलाचे होते. मालकांनी एकदा जेवताना मला हौसेनं समजावून सांगितलं. पायाखालच्या फळीच्या खाली एक छोटं भांडं, त्यात ब्रेकचं तेल. पायानं पायडल दाबलं की ते तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांकडं पळतं, तिथं चाकाच्या आतले पट्टे फाकतात आणि चाक धरतात. पाय काढला की तेल परत भांड्यात, चाक मोकळं. त्यांना वाटलं, बायको खूश होईल. माझा घास तोंडातच राहिला. एवढी अवजड गाडी, आत भरलेली माणसं, एका बाजूला दरी, आणि या सगळ्याला धरून ठेवायला काय, तर वाटीभर तेल! त्या दिवसापासून रोज दुपारी माझे कान रस्त्याला लागलेले असायचे. गाडीचा आवाज आला की मी तव्यावर भाकरी टाकायची.

मामंजींची भीती माझ्यापेक्षा जुनी होती. लढाईची सगळी वर्षं त्यांनी पोराची वाट बघत काढलेली. गाडी दारात आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लढाईतनं जित्ता आलास, ते आता घाटात मरायला व्हय रं?" मालक पण त्यांचेच चिरंजीव, तेही काहीतरी फाडकन बोलले. झालं. मामंजींनी पोराशी बोलणं टाकलं. गाडीत पाऊल तर ठेवलंच नाही. काही सांगायचं झालं तर ते गोठ्यात जाऊन बैलाला सांगायचे. "सांग त्येला, उद्या उसाला पाणी हाय आपलं." बैल बापडा कान हलवायचा, आणि मालक परड्यातून ओरडायचे, "आयकलं म्हनावं!" मला हसू यायचं, आणि पदर तोंडाशी धरून रडूही यायचं. मी सून. सासऱ्यापुढं तोंड उघडायची सोय नाही. दोघांच्या मधे ताटं वाढायची, बस.

मग उन्हाळ्यात मामंजींचा लाडका बैल फुगला. हिरवं जास्त खाल्लं असेल. पोट नगाऱ्याएवढं, डोळे बाहेर आलेले. मालकांनी कुणाला न विचारता गाडी काढली, कऱ्हाडला गेले आणि जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आले. बैल वाचला. मामंजी त्या दिवशीही पोराशी बोलले नाहीत, पण गाडीकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या तोंडावरून, म्हणजे पुढच्या जाळीवरून, हात फिरवताना मी त्यांना स्वतः पाहिलं.

आषाढात बेंदूर आला, बैलांचा सण. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळले, सणाला नदीवर धुऊन आणले, शिंगांना हुरमुंजाचा लाल रंग लावला, गोंडे बांधले. बेंदराला बैलांना तेल पाजायची आमच्याकडं रीत. बांबूचं नळकांडं तोंडात धरून घरच्या घाण्याचं करडईचं तेल. ते काम मामंजी दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. मी पुरण वाटत होते. दुपारी बाहेर येऊन बघते तर काय, छपराखाली उभ्या गाडीच्या दोन्ही मडगार्डांना हुरमुंजाचे पट्टे आणि दिव्याला लाल गोंडा! मालक बघतच राहिले. मला एवढा आनंद झाला की मी गाडीलाही ओवाळलं. आत पायाखालच्या फळीवर तेलाचे थेंब दिसले. निरांजनातलंच सांडलं असेल म्हणून मी ते पदरानं पुसून टाकले. मामंजी गोठ्याच्या दारात पाठमोरे उभे होते, जणू त्यांचा काही संबंधच नाही.

त्यानंतर गाडीचं बिनसलं.

पहिल्यांदा मालक म्हणाले, "गाडी जड झालीया." चढाला ओढ घेईना. तेव्हा पेट्रोल कुपनावर मिळायचं, ते जास्त लागायला लागलं. एक दिवस घरी आल्या आल्या त्यांनी चाकाच्या मधल्या लोखंडी डब्याला, ड्रमला, हात लावला आणि "आयायाया" करत मागं घेतला. मी तांब्या घेऊन आले होते, त्यातलं पाणी त्यांनी ड्रमवर शिंपडलं. चर्र झालं.  ते म्हणाले, "ब्रेक चाकाला धरूनच ऱ्हातोय. पाय काढला तरी सोडंना."

मग त्यांनी जॅक लावून एकेक चाक उचललं. हातानं फिरवायला गेलं तर फिरेना. त्यांनी आतले पट्टे सैल केले, चाक फिरलं. दुसऱ्या दिवशी जरा बरं, पुढच्या दिवशी परत तेच. चाकाच्या मागच्या बाजूला एक बारीकसा नट असतो. तो त्यांनी जरा ढिला केला, तर तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक आपोआप मोकळं झालं. तिथंच उकिडवे बसून ते कितीतरी वेळ त्या नटाकडं बघत राहिले. "दाब आडकून बसलाय. त्याल जातंय, पर मागं येत न्हाई. का येत न्हाई?" त्यांना वाटलं, नळीत घाण अडकली असेल. सगळं तेल वाहतं करून बघायचं ठरवलं.

या कामाला दोन माणसं लागतात. एक चाकाखाली, एक पायडलावर. पायडलावर कोण? मीच. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून मी गाडीत बसले. ते खालून ओरडायचे, "दाब!" मी दाबायची. "धर!" मी जीव खाऊन धरायची. ते नट खोलायचे, पायाखालचं पायडल मऊ होऊन खाली जायचं, ते नट आवळायचे. "सोड!" असं चारी चाकांचं झालं. एक गोष्ट माझ्या पायाला खटकली. मी पाय उचलला तरी पायडल लगेच वर येत नव्हतं. झोपेतून उठवलेल्या पोरागत रेंगाळत यायचं.

मी म्हटलं, "आवं, ह्ये मागं येत न्हाई लवकर."

"तुझा पाय जड हाय," गाडीखालून उत्तर आलं, आणि वर हसणं. मेलं ते हसणं.

चाकं त्या संध्याकाळी मोकळी फिरली. सकाळी मला कऱ्हाडला माहेरी जायचं होतं, भावाच्या मुलाचं बारसं. म्हणून त्या दिवशी मी गाडीत. पुढं मालकांच्या शेजारी एक गुळाचा व्यापारी, मागं मी, मांडीवर झबलं-टोपड्याचं गाठोडं. पाऊस बारीक लागलेला. व्यापाऱ्याची जीभ घरातून निघाल्यापासून सुरू होती. माझं लक्ष मालकांच्या पाठीकडं. घाटमाथ्यावर आलो आणि मला वास आला, कापड जळावं तसा.

व्यापारी म्हणाला, "काय जळतंय का हो?"

 पहिल्या वळणाला मालकांचा पाय खाली गेला, गाडी हळू झाली. दुसऱ्या वळणाच्या आधी पाय परत खाली गेला आणि मला आवाज आला. ठक. लोखंड फळीवर आपटल्याचा. तो आवाज काय आहे ते व्यापाऱ्याला कळलं नाही, मला कळलं. त्या पायडलावर मी कालच तासभर बसले होते. खाली काहीच नसलं तरच ते तसं आपटतं. परत ठक. परत ठक, ठक, ठक. गाडी तर पळायला लागली.  माझा पाय पुढच्या बाकाखाली फळी दाबत होता.

"घट्ट धरून बस," मालक म्हणाले. मागं वळून नाही बघितलं. आवाज एवढा शांत की मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी हातानं ओढायचा ब्रेक ओढला, तो नुसताच किंचाळला. गिअर खाली टाकला, गाडीनं हिसका दिला, वेग थोडा कमी झाला, पुढं वळण दिसत होतं आणि वळणापलीकडं पांढरं धुकं. काहीच नव्हतं तिथं, नुसतं धुकं. मी मनात म्हणत होते, देवा, यांना ने तर मला पण ने, एकटीला ठेवू नको. तेवढ्यात त्यांनी चाक डोंगराच्या अंगाला फिरवलं. डावीकडची दोन्ही चाकं गटारात गेली, अख्खी बाजू मातीच्या दरडीला खरवडत गेली, करवंदीच्या जाळ्या छतावर सपसप बसल्या, आणि गाडी एकदाची थांबली.

व्यापारी दार उघडून उतरला, पटका सावरला आणि एक अक्षर न बोलता कऱ्हाडच्या दिशेनं चालायला लागला. पिशवीही गाडीतच राहिली. त्याला दोष कशाला देऊ? मलाही पळायचंच होतं. मालक दगडावर बसले होते. विडी तोंडात, काडीपेटी हातात, आणि काडी पेटत नव्हती.  लढाईतलं त्यांनी मला कधी काही सांगितलं नव्हतं. मी काडीपेटी घेतली आणि विडी पेटवून दिली. आयुष्यात तेवढी एकदाच.

वर जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्याबरोबर निरोप धाडला. मामंजी आले ते बैलांच्या पुढं धावतच, अनवाणी, डोक्याला काही नाही. त्या माणसाला मी बोडक्या डोक्यानं कधी बघितलं नव्हतं. गाडीची खरवडलेली बाजू बघितली, समोरचं वळण बघितलं, मग पोराच्या समोर उभे राहिले.

"लागलं का रं?"

"न्हाई, आबा."

कितीतरी महिन्यांनी सरळ पोराशी बोललेले ते पहिले शब्द. बैलाला सांगून नव्हे. आम्हा दोघांनाही ते कळलं. बैल जुंपून गाडी घाटाच्या वर ओढून आणली. मामंजी सगळा रस्ता गाडीमागं चालत आले. गाडी मागं सरकलीच तर चाकाला लावायला हातात धोंडा घेऊन.

दुसऱ्या दिवशी मालकांनी छपरात पोतं अंथरलं आणि फळीखालचं ते भांडं काढून खोललं. आत एक दट्ट्या असतो, त्याच्या तोंडाला वाटीसारखं रबर. ते रबर त्यांनी बोटांवर घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं ते टम्म फुगलं होतं. भांड्यात सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं, ते त्यांनी मला दाखवलं. "पाय काढला की ह्या भोकातनं त्याल मागं यायाचं आस्तं. रबर फुगलं आन् भोकावर बसलं. म्हनून चाक सुटंना. चाक घासलं, तापलं, त्यानं नळीतलं त्याल उकळलं. उकळल्यावर वाफ झाली. आन् वाफंवर पाय देऊन गाडी थांबत न्हाई."

"पर रबर का फुगलं?"

"त्येच तर कळंना. ब्रेकच्या तेलानं रबर फुगत नसतं."

भांड्याच्या तळाशी तेल राहिलं होतं. मी वाकले होते बघायला, आणि मला वास आला. हा वास मला झोपेतही ओळखू आला असता. रोज दोन वेळा मी याच तेलात फोडणी देत होते. तरी खात्री म्हणून मालकांचा ब्रेकच्या तेलाचा डबा उघडून हुंगला. त्यात औषधी वास, एरंडेल आणि स्पिरिटचा. परत भांडं हुंगलं. बोट बुडवून बोटांवर चोळून बघितलं.

मी म्हटलं, "आवं, ह्ये करडईचं हाय."

ते आधी हसले. मग त्यांचं हसू गेलं. मडगार्डावरचे हुरमुंजाचे पट्टे अजून पुसले गेले नव्हते. आम्ही दोघांनी एकदमच तिकडं बघितलं. फळीवरचे ते थेंब मला आठवले.

मालक उठले. कानशिलं लाल. "मी इचारतो त्यास्नी. जीव घ्याया निघालं हुतं व्हय?"

मी आडवी झाले. "बोलू नगा. कायबी झालं तरी बोलू नगा. पयल्यांदा त्यांनी तिला घरचं म्हटलं. ह्ये कळलं तर म्हातारा मरंल."

"आन् न्हाई सांगितलं तर पुढल्या बेंदराला परत पाजंल. मग मी मरंन."

  सांगावं तर मामंजी जातात, न सांगावं तर मालक. मी तिथं त्या पोत्यापाशी उभी राहिले आणि मला घाटातल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

आणि तेवढ्यात मामंजी स्वतःच छपरात आले. आमची कुजबुज त्यांनी ऐकली नव्हती. पोरगा आता बोलतोय म्हटल्यावर ते सरळ येऊन पोत्याशी बसले, फुगलेलं रबर उचलून तळहातावर घेतलं.

"ह्येच बिघडलं व्हय?"

"व्हय, आबा."

"आन् मी तर बेंदराला पाजलं हुतं तिला," मामंजी म्हणाले. थोडे लाजत होते. "बैलांसंगं. घरच्या घाण्याचं. तू ती फळी उचलून वततूस ते बघितलं हुतं म्या. बैल वाचिवला तिनं, मग तिला नगं व्हय? लय न्हाई, मावलं तेवढं घातलं." रबर त्यांनी उलटंपालटं करून बघितलं. "कमी पडलं आसंल. पुढल्या टायमाला जास्ती घालू."

मालकांचा जबडा हलला. ते आता काय बोलतील ते मला कळेना. ओरडतील, की गिळून टाकतील? दोन्हीनं घात. मग माझं तोंड कसं उघडलं ते मला अजून सांगता येत नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सासऱ्याशी पहिल्यांदा बोलले.

"मामंजी, तिला करडईचं सोसत न्हाई. तिला एरंडेलच लागतं. करडईनं तिचं प्वाट फुगतं."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं, मग हातातल्या रबराकडं. जन्मभर जनावरं सांभाळलेला माणूस. कशानं फुगतं आणि फुगल्यावर काय होतं, हे त्यांना आणखी काय सांगायचं?

"फुगलंय खरं," ते म्हणाले.  "म्हंजे काल घाटात…"

 बाहेर बैलाच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती. मामंजींनी रबर होतं त्या जागी पोत्यावर हळूच ठेवलं आणि हात धोतराला पुसला. परत पुसला. पुसतच राहिले.

मालक खाली बसले. राग कुठल्या कुठं गेला होता. "आबा, तुमाला काय म्हाईत? म्या सांगाया पायजे हुतं."

"कसं सांगशील?" मामंजी म्हणाले. "मी बोलत हुतो व्हय तुझ्याशी?"

आणि उठून गोठ्यात गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताटावर बसून उठले.

मालक सांगलीला जाऊन मोटारीच्या सामानाच्या दुकानातून नवी रबरं घेऊन आले, भांड्याची आणि चारी चाकांचीही. जुनं सगळं काढलं. नळ्या स्पिरिटनं धुतल्या, इतक्या वेळा की छपरात डोकं भणभणायला लागलं. करडईचा थेंब राहता कामा नये, एवढंच ते म्हणत होते. नवं तेल भरलं. मग परत मी पायडलावर आणि ते चाकाखाली. नटाला रबरी नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलेलं. दाब. धर. सोड. नळीत हवा राहिली असली की बाटलीत बुडबुडे येतात, येतात तोवर दाबतच राहायचं. मामंजी दाराशी बसून बघत होते. बुडबुडे थांबले आणि माझ्या पायाखाली पायडल दगडासारखं घट्ट लागलं. पाय उचलला तर टुणकन वर आलं.

"घट लागतंय का पोरी?" मामंजींनी विचारलं. मला विचारलं.

"व्हय, मामंजी."

"नीट बघ."

मी परत दाबून बघितलं. मग परत. त्यांची मान हलली, पण चेहऱ्यावरची काळजी हलली नाही.

सकाळी मालक रिकामी गाडी घेऊन घाटात बघून येणार होते, एकटे. मी चहा घेऊन छपरात आले तर पुढच्या बाकावर मामंजी. पटका बांधलेला, घोंगडी खांद्यावर, दोन्ही हात गुडघ्यांवर. ज्या गाडीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिच्यात.

"आबा, उतरा. आधी मी एकटा जाऊन येतो."

"चालव."

"आवं, पर…"

"चालव म्हनलं न्हवं? जायाचं तर संगं जाऊ."

मी चहाचा पेला खाली ठेवला आणि मागं चढले. मालक आता माझ्यावर उखडले. "तू कुठं? उतर आधी!"

"का? मी घरात बसून कुंकू पुसायची वाट बघू व्हय?" मी म्हटलं. सासऱ्यादेखत, एवढ्या मोठ्यानं. मामंजींनी मागं वळून बघितलंही नाही. गाडी निघाली.

सपाटीवर मालकांनी ब्रेक दाबून बघितला, गाडी थांबली. परत बघितला, थांबली. मग घाटमाथा आला. आज धुकं नव्हतं, दरी तळापर्यंत दिसत होती, आणि ते जास्त वाईट होतं. पहिलं वळण.  मामंजींचे दोन्ही पाय पुढं ताठ झाले, उतारावर बैलगाडी मागं रेटून धरतात तसे, आणि तोंडानं ते हळू आवाजात म्हणायला लागले, "हां, हां… दमानं… दमानं गं बाई…" गाडीला म्हणत होते. मालकांचा पाय खाली जायचा, मी कान देऊन ऐकायची, ठक येतंय का? नाही आलं. दुसरं वळण. दरडीवर आमच्या गाडीनं खरवडलेली लाल माती अजून ओलीच दिसत होती, करवंदीच्या मोडलेल्या फांद्या लोंबत होत्या. मामंजींनी ते बघितलं आणि त्यांचं "दमानं" थांबलं. नुसते ओठ हलत राहिले. मी माझ्या पायानं फळी दाबत होते, मालक खऱ्या पायडलावर, आणि मामंजी त्यांच्या त्या ताठ पायांनी. तिघं मिळून आम्ही ती गाडी घाट उतरवली.

खाली सपाटीला गाडी उभी राहिली. मालकांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मामंजी दार उघडून उतरले ते थेट पुढच्या चाकाशी जाऊन बसले, चिखलात, आणि हात पुढं केला.

"आबा, भाजंल!" मालक ओरडले.

मामंजींनी तळहात ड्रमवर ठेवला. आजारी बैलाच्या मानेवर ठेवावा तसा, सगळी बोटं पसरून. बराच वेळ ठेवला. मग उठले, दुसऱ्या चाकाशी गेले. मग मागच्या. चारी चाकांना हात लावून झाला, तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत लाल झालं होतं.

"ऊन हाय जरा. आंगाएवढं," ते पोराकडं बघून म्हणाले. "ताप न्हाई."

मग तिथंच चाकाला टेकून बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले.